भाडेकरू की घरातला?

कडुनिंबाचं तेल लावलेल्या युरियावर या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधेच लातूरकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि गाडी रुळावरून घसरली. गेल्या लेखातल्या, हवेतला नत्र बांधणाऱ्या मुळांवरच्या गाठींबद्दल ते विचारतात, सोयाबीनला गाठी येतात, हरभऱ्याला येतात, मग आमच्या ज्वारीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

फुलोऱ्यातलं भुईमुगाचं रोप उपटा, मुळावरची एक गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसेल, नखालाही रंग लागेल. हा आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. हवेतला नत्र फोडणारं नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजनपुढे नांगी टाकतं, म्हणून झाड त्या ऑक्सिजनला धरून ठेवायला हा पहारेकरी नेमतं. एवढी बडदास्त ठेवूनही गाठीत राहून नत्र बांधणारा रायझोबियम जिवाणू शेवटी भाडेकरूच. पीक निघालं की तो मातीत, पुढच्या पेऱ्याला करार नवा. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून संवर्धक चोळायचं ते त्यासाठीच. ज्वारीला मुळात ही खोलीच बांधता येत नाही.

पण भाडेकरू कायमचा घरातलाच झाला तर?

असं एक घर समुद्रात सापडलंय, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जोनाथन झेर यांना पॅसिफिकच्या पाण्यात डीएनएचा एक छोटा तुकडा मिळाला. नत्र बांधणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी जिवाणूचा. नुसता तुकडा, जीव दिसेना. इकडे जपानच्या कोची विद्यापीठातल्या क्योको हागिनो एका शैवालाच्या मागे लागल्या होत्या. बाई जीवाश्मांच्या अभ्यासक. शैवालाचं नाव ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी. नाव बोजड, पण रूप बघावं: चुन्याच्या बारा पंचकोनी पाकळ्या जोडून केलेली डबी, डोळ्यांना न दिसणारी! ते प्रयोगशाळेत वाढवायचं म्हणून त्यांनी दहाहून अधिक वर्षं घालवली, तीनशेहून जास्त वेळा समुद्राचं पाणी आणलं. आपल्याकडे कुठल्या प्रकल्प-अहवालात हे बसलं असतं, सांगा. अखेर ते वाढलं, आणि झेर यांचा जिवाणू त्याच डबीत राहत होता.

2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधानं त्यापुढचं सांगितलं. शैवालाची पेशी दुभंगताना आतला जिवाणूही ठरल्या वेळी दुभंगतो आणि लेकी-पेशींत एकेक वाटून जातो. क्ष-किरणांच्या चित्रांत हे टप्प्याटप्प्यानं दिसलं. त्याहून मोठा पुरावा प्रथिनांचा. जिवाणूला लागणारी कितीतरी प्रथिनं आता यजमान पेशी बनवते, आणि पाकिटावर पत्ता घालावा तसा त्यांच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा जोडून आत पोचवते. स्वतःचं स्वयंपाकघर मोडून बसलेल्याला भाडेकरू कसं म्हणायचं? तो पेशीचा अवयवच. नाव पडलं नायट्रोप्लास्ट. मायटोकाँड्रिया आणि हरितकणांच्या घराण्यातला, पण वयानं अगदी धाकटा. सुमारे दहा कोटी वर्षांचा.

पहारेकऱ्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. शैवाल तर उन्हात ऑक्सिजन सोडतं. आतल्या पाहुण्यानं मात्र प्रकाशसंश्लेषणातली ऑक्सिजन सोडणारी यंत्रणाच गमावली आहे. निदान स्वतःच्या घरात तरी विस्तव नाही.

तेव्हा लातूरकरांना उत्तर असं: ज्वारीला गाठी शिकवायच्या, की पेशीतच नायट्रोप्लास्टसारखं काही वसवायचं, अशा दोन वाटा आता दिसतात. दुसरी अवघड आहे. नुसता जिवाणू आत सोडून भागत नाही, पत्ते लिहिलेली प्रथिनं पुरवणारी पेशीही हवी. पण मला तीच जास्त भुरळ घालते. पहिल्या वाटेवर गाठीची सगळी बांधकामं आली.

तोवर युरियाची गोणी आहेच. तिच्यातल्या दाण्यावर कडुनिंबाचं तेल नेमकं काय करतं, ते पुढच्या आठवड्यात. या वेळी नक्की.