एका सेंटचे पत्र
१ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये डोरोथी डे या बाईंचे 'कॅथॉलिक वर्कर' हे पत्र प्रथम विकले गेले. किंमत एक सेंट. मंदीचे दिवस. पुढे त्यांनी बेघरांसाठी घरे उघडली व स्वतः त्यांच्यातच राहिल्या. दारी आलेला भुकेला हाच ख्रिस्त, ही त्यांची श्रद्धा. जाहिरात रोज नवी गरज निर्माण करते. या श्रद्धेने त्यांना 'पुरे' म्हणण्याचे बळ दिले. आम्ही संघटनेची माणसे धर्माच्या नावाने सहसा बिचकतो. पण बोनस हाती येताच हप्त्याने टीव्ही घेणारा, आणि बडतर्फ सोबत्याच्या वर्गणीला हात आखडणारा सभासद आम्ही पाहिला आहे. खरे सांगायचे तर एकदा तो आम्हीच होतो. १९७३ साली, वयाची ७५ वर्षे उलटल्यावर, याच बाई कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यात तुरुंगात गेल्या.