एस्प्रेसो यंत्र घेताना: बोर्ड की वॉशर?

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळून, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी सोडून २५-३० सेकंदांत काढलेला अर्क. या कामाला मुळात थोड्याच गोष्टी लागतात: पाणी तापवणारा बॉयलर, दाब देणारा पंप, पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह आणि कॉफीचा दांडा, म्हणजे पोर्टाफिल्टर, जिथे अडकवायचा तो ग्रुप. बाकी सगळं त्यावर चढत गेलेलं आहे. घरगुती यंत्रांत आज रंगीत पडदे, फोनवरची ॲप, आपोआप मोजून पाणी सोडणारी बटणं असं बरंच काही मिळतं. त्यातलं काय घ्यावं हे ठरवताना चवीइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा असतो: दहा वर्षांनी हे यंत्र उघडून दुरुस्त करता येईल का?

या बाबतीत इटलीतल्या ‘फाएमा’ कंपनीने १९६१ साली आणलेल्या ई-६१ ग्रुपचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. सुमारे चार किलो वजनाचा हा पितळी ग्रुप बॉयलरमधलं गरम पाणी सतत स्वतःतून फिरवत ठेवतो, त्यामुळे तो थंड पडत नाही. तापायला अर्धा तास लागतो, ही त्याची अडचण. पण इटली आणि जर्मनीतल्या अनेक कंपन्यांची घरगुती यंत्रं आजही याच रचनेवर उभी आहेत. त्याची रबरी गॅस्केट, स्प्रिंग, कॅम हे भाग एका कंपनीच्या मालकीचे उरलेले नाहीत. कुकरची रिंग बदलावी तशी त्याची गॅस्केट घरीच बदलता येते. १९९१ साली आलेल्या गाजिया क्लासिकचीही तीच गत. तीन बटणं, ॲल्युमिनियमचा छोटा बॉयलर, त्यावर स्क्रूने बसवलेले थर्मोस्टॅट आणि एक व्हायब्रेशन पंप. हा पंप बिघडला तर नवा घालायचा. तशाच पद्धतीचा पंप कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांत असतो, आणि तो महागही नसतो.

साध्या यंत्राचा खरा दोष तापमानात आहे. थर्मोस्टॅट एका टोकाला हीटर बंद करतो आणि पाणी बरंच निवल्यावर पुन्हा चालू करतो; मधल्या काळात पाणी कित्येक अंशांनी वरखाली होतं. पाणी कमी गरम असेल तर कॉफी आंबट लागते, जास्त असेल तर कडू. यावरचा इलाज म्हणजे पीआयडी नियंत्रक. तो तापमान सतत मोजतो, ठरलेल्या आकड्यापासून ते किती दूर आहे आणि किती वेगाने बदलतं आहे याचा हिशेब करून हीटरला थोडी थोडी वीज देतो. १९९७ साली आलेल्या रांचिलिओ सिल्व्हियाला हौशी लोकांनी कारखान्यांत वापरले जाणारे असे नियंत्रक बाहेरून जोडले, आणि पुढे अनेक कंपन्यांनी ते आतच बसवून द्यायला सुरुवात केली. चवीसाठी ही सर्वांत मोलाची इलेक्ट्रॉनिक सोय आहे आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं योग्यच. शिवाय वेगळा बसवलेला नियंत्रक जळला तरी त्याच मापाचा दुसरा घालता येतो. बॉयलर आणि पंपाला धक्का लागत नाही.

अडचण सुरू होते ती हीटर, पंप, व्हॉल्व्ह, बटणं आणि पडदा असं सगळं एकाच बोर्डाच्या ताब्यात गेलं की. बोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. दर दहा अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. तापलेल्या बॉयलरच्या शेजारी, वाफेच्या वाटेत बसवलेला बोर्ड म्हणूनच धोक्यात असतो. तो त्या एका मॉडेलसाठीच बनवलेला असतो. कंपनीने मॉडेल बंद केलं आणि साठा संपला की बॉयलर, पंप शाबूत असूनही यंत्र भंगारात जातं. पाणी मोजणाऱ्या फ्लो मीटरचं तसं नाही. त्यातलं छोटं चक्र क्षाराने अडकतं खरं, पण साफ करता येतं आणि हाताने चालणारं बटण सोबत असेल तर काम थांबत नाही. ॲपचा भरवसा मात्र सर्वांत कमी. फोनची प्रणाली बदलते, कंपनीचा सर्व्हर बंद होतो. ज्या सोयी फक्त ॲपमधूनच चालतात त्या मग उरतच नाहीत.

काही इलेक्ट्रॉनिक्स कायद्याने आलेलं आहे. युरोपीय संघाच्या नियमामुळे २०१५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती कॉफी यंत्रांना काही वेळाने आपोआप बंद होणं बंधनकारक झालं. वीज वाचते, पण अगदी साध्या यंत्रातही त्यासाठी एक छोटा बोर्ड आला.

आपल्याकडे यात पाण्याची भर पडते. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर आणि नळ्यांत क्षाराचा थर बसतो. त्यावर आरओचं पाणी हा सरसकट उपाय नाही: क्षार फारच कमी असलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे बॉयलरमधली पातळी ओळखणारी सळई फसते आणि भरलेला बॉयलरही यंत्राला रिकामा वाटतो. अगदी निःक्षार पाणी धातूलाही खातं. थोडे क्षार राखलेलं मऊ पाणीच बरं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र आणवायचं असेल तर तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते हे लक्षात घ्यावं. इथल्या २३० व्होल्टला ते थेट जोडलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे व्हायब्रेशन पंपाचे ठोके सेकंदाला ६० ऐवजी ५० पडतात. शिवाय दीड हजार वॉटच्या हीटरला तेवढाच भक्कम ट्रान्सफॉर्मर लागतो. साध्या यंत्राचा हीटर, पंप आणि व्हॉल्व्हची कॉइल बदलून ते इथल्या विजेवर आणता येतं. बोर्डावर चालणाऱ्या यंत्रात बोर्डही बदलावा लागू शकतो.

दुकानात पडदा पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: सुट्या भागांची आकृती मिळते का, बोर्ड वेगळा विकत मिळतो का आणि त्याची किंमत किती, झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं का, आणि आपल्या शहरात ते उघडणारा कारागीर कोण? उत्तरं मिळाली नाहीत, तर पीआयडी असलेलं, हाताच्या बटणांचं साधं यंत्र घ्यावं.