एका कुपीचा जमाखर्च

पाच मिलिग्रॅम म्हणजे डोळ्याला जवळजवळ काहीच नव्हे. भोपाळच्या शाहपुऱ्यात तलावाच्या अलीकडे, एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर जी लहानशी तपासणी-प्रयोगशाळा आहे, तिच्या प्रमुख बाईंनी शीतपेटीतून काढलेली काचेची कुपी माझ्यासमोर धरली तेव्हा ती मला रिकामीच वाटली. मग चष्मा पुसून, कुपी उजेडाकडे तिरपी करून पाहिल्यावर तळाशी सावरीच्या कापसाचा एखादा तंतू अडकून राहावा तसे काही पांढुरके दिसले. हे ऑक्सिटोसिन होते. बाळंतपणानंतर स्त्रीचा रक्तस्राव आवरावा म्हणून जे 10 युनिटांचे इंजेक्शन देतात, त्यात या द्रव्याचा अंश सुमारे 17 मायक्रोग्रॅम एवढाच असतो. म्हणजे मला रिकाम्या वाटलेल्या त्या कुपीत तशी दोनशेहून अधिक इंजेक्शने सामावली होती. मात्र ती कुपी कोणा रुग्णासाठी नव्हती. तिच्यावरील चिठ्ठीत ‘केवळ संशोधनासाठी’ असा स्पष्ट मजकूर होता आणि येथे तिचा उपयोग नमुन्यांच्या तपासणीत तुलनेसाठी व्हायचा होता.

उमेदीची सारी वर्षे सरकारी हिशेबखात्यात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास रसायनशास्त्रात गती असण्याचे कारण नाही. परंतु शेजारधर्माने बाईंनी मला तेथे बसू दिले, आणि बसता बसता माझ्या ध्यानात आले की येथे जे काम चालते त्यातील निम्मे रसायनाचे असले तरी निम्मे निव्वळ दप्तराचे आहे, व ते दप्तर आमच्या खात्यातील पुष्कळशा दप्तरांपेक्षा चोख आहे.

आधी द्रव्याची ओळख. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांच्याच आखूड शृंखलेस पेप्टाइड म्हणतात. ऑक्सिटोसिनच्या शृंखलेत अशी नऊ अमिनो आम्ले असून पहिल्या आणि सहाव्या स्थानी सिस्टीन आहे. या दोन सिस्टीनांमधील गंधकाचे अणू एकमेकांशी जोडले गेल्यामुळे सहा घटकांचे एक कडे तयार होते, आणि प्रोलीन, ल्युसीन व ग्लायसीन या तिघांची शेपटी त्या कड्याबाहेर राहते. रेणुभार सुमारे 1007. याच रचनेत तिसऱ्या आणि आठव्या जागी दुसरी अमिनो आम्ले घातली की ते व्हॅसोप्रेसिन होते, ज्याचा अंमल मुख्यत्वे मूत्रपिंडावर चालतो. इतक्या थोडक्या फरकाने निसर्ग दोन निराळी खाती चालवितो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशयाचे आकुंचन होते हे हेन्री डेल यांनी 1906 च्या सुमारास दाखविले खरे, पण त्या अर्कातील नेमके द्रव्य ओळखून ते प्रयोगशाळेत घडविण्यास 1953 साल उजाडावे लागले. ते काम अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी केले. पेप्टाइड जातीचे संप्रेरक मनुष्याच्या हातून घडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याबद्दल 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

शाहपुऱ्यातील या प्रयोगशाळेत ही शृंखला घडत नाही. ती तयार होऊन येते. पण बाईंचा साहाय्यक, जो सौंसर-पांढुर्ण्याकडचा असून ज्याच्या मराठीला वऱ्हाडाचा वळसा आहे, त्याने एम.एस्सी.ला असताना भोपाळातच हे काम स्वतःच्या हाताने केलेले असल्याने त्याचे वर्णन मला त्याच्याकडून ऐकावयास मिळाले. ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या रीतीत शृंखलेचे शेवटचे अमिनो आम्ल रेझिनच्या बारीक कणांना पक्के बांधून टाकतात आणि तेथून उलट दिशेने, एकामागून एक, पुढची आम्ले जोडीत जातात. कण जाळीवर राहतात, जास्तीचे द्रव्य द्रावकाबरोबर धुऊन निघून जाते, आणि दर जोडणीनंतर सबंध माल निराळा काढून शुद्ध करीत बसण्याचा खटाटोप वाचतो. प्रत्येक जोडणी पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी चिमूटभर कण निनहायड्रिनच्या द्रावणात तापवितात. कण निळे झाले तर काही टोके अद्याप मोकळी आहेत असे समजावे, आणि पिवळसरच राहिले तर पुढे जाण्यास हरकत नाही. अपवाद प्रोलीनचा. त्याचे टोक मोकळे असले तरी निळा रंग येत नाही, आणि नवशिका तेथे हमखास फसतो. ‘‘काका, प्रोलीन आलं की निनहायड्रिनवर भरोसा ठेवू नोका,’’ असे त्याने मला बजावले, जणू मी दुसऱ्या दिवशी घरी हा उद्योग आरंभणार होतो.

एवढी काटेकोर तपासणी का, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. नऊ घटकांसाठी आठ जोडण्या लागतात. दर जोडणी शेकडा 99 साधली तर शेवटी शेकडा 92 शृंखला पुऱ्या मिळतात; तीच शेकडा 95 वर आली तर शेकडा 66 च हाती लागतात, आणि उरलेला तिसरा हिस्सा एखादे आम्ल गाळलेल्या खोट्या शृंखलांचा असतो, ज्या दिसावयास खऱ्यासारख्याच पांढऱ्या असतात.

आता पुन्हा कुपीकडे. शीतपेटीतून, म्हणजे शून्याखाली 20 अंशांतून, ती बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडावे असे कोणासही वाटेल. येथे ते कडक निषिद्ध आहे. दिवस आषाढाचे होते, खिडकीबाहेर तलावावर पावसाची झड लागली होती, आणि अशा हवेत थंड काच क्षणात घामेजते. तोच घाम कुपीच्या आत जमला तर ही जलशोषक भुकटी तो तत्काळ पिऊन घेते. मग तिचे वजनही खोटे ठरते आणि तिच्या नाशाचाही आरंभ होतो, कारण कोरड्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकणारे पेप्टाइड ओलाव्याच्या संगतीत फार काळ टिकत नाही. म्हणून बंद कुपी काचेच्या डेसिकेटरमध्ये ठेवून बाईंनी नोंदवहीत वेळ लिहिली आणि आम्ही चहा घेतला. डेसिकेटरच्या तळाचे सिलिका जेल निळे होते. ते गुलाबी दिसले असते तर प्रथम ते भट्टीत वाळवून आणावे लागले असते. सुमारे तासाभराने कुपी खोलीच्या तापमानास आली, तेव्हा तिला अपकेंद्री यंत्रात क्षणभर फिरवून भिंतीला चिकटलेले कण तळाशी बसविले, आणि मगच झाकण निघाले.

माझ्या दृष्टीने कामाचा सर्वांत रसाळ भाग येथे सुरू झाला. चिठ्ठीवर वजन 5 मिलिग्रॅम, शुद्धता शेकडा 98. सामान्य इसम यावरून कुपीत 4.9 मिलिग्रॅम ऑक्सिटोसिन आहे असा हिशेब करील, आणि तो चुकेल. बाईंनी सोबतच्या दाखल्यावर बोट ठेवले: निव्वळ पेप्टाइड शेकडा 80. शुद्धतेचा आकडा एवढेच सांगतो की कुपीतील पेप्टाइडजातीय मालापैकी किती हिस्सा खऱ्या शृंखलेचा आहे. पण गोठवून सुकविलेल्या त्या भुकटीत पेप्टाइडाखेरीज त्याला चिकटून आलेले ॲसेटिक आम्ल असते, सुकवूनही न सुटलेले पाणी असते, आणि ही मंडळी वजनात भरतात. सबब 5 मिलिग्रॅम भुकटीत पेप्टाइड 4 मिलिग्रॅम. ढोबळ वजन आणि निव्वळ वजन यांतील हा फरक धान्याच्या बाजारात अडत्याला उपजत कळतो, पण शिकलेले विद्यार्थी तो विसरतात आणि त्यांचे पुढचे सारे आकडे पाव हिश्शाने फुगतात, असे बाई म्हणाल्या.

रेणुभार हजाराच्या इतका जवळ असल्याने पुढील गणित सोपे होते. 4 मिलिग्रॅमला सुमारे 4 मिलिलिटर द्रव घातला की द्रावण एक मिलिमोलर. भुकटी काढून तोलण्याच्या फंदात कोणी पडत नाही, कारण इतक्या हलक्या मालाला विजेचा भार चढतो व तो चमच्याऐवजी हातमोज्याला बिलगतो. द्रवच कुपीत घालून सगळे एकदम विरघळवितात. द्रव म्हणजे थोडे ॲसेटिक आम्ल मिसळलेले शुद्ध पाणी. ऑक्सिटोसिनला किंचित आम्लता मानवते. सामू साडेचारच्या आसपास ते सर्वाधिक स्थिर असते. सामू सातापुढे गेला की गंधकाचा तो बंध डळमळू लागतो, कडी उघडून परस्परांत गुंततात आणि जोडगोळ्या व गुठळ्या तयार होतात. आम्लता वाजवीपेक्षा फार झाली तरी निराळी हानी होते, ती शृंखलेतील अमाइड गटांची.

पिपेटने द्रव सोडल्यावर मी उत्साहाने कुपी हलविण्यास हात पुढे केला, तोच साहाय्यक म्हणाला, ‘‘हालवू नोका, काका, फेस येते.’’ फेसाच्या प्रत्येक बुडबुड्यावर हवा आणि पाण्याची सीमा वाढते, त्या सीमेवर पेप्टाइडाचे रेणू गोळा होतात आणि एकमेकांत अडकून बसतात. त्याने कुपी दोन तळहातांत धरून हलकेच लोळविली. मग ते द्रावण लहान लहान प्लास्टिकच्या नळ्यांत वाटले गेले, प्रत्येकीत एका वेळच्या कामापुरते; कारण तेच द्रावण पुन्हा पुन्हा गोठविणे आणि वितळविणे त्यास घातक असते. शीतपेटीही साधी घरगुती नसावी, कारण आपोआप बर्फ झाडणारी पेटी दर थोड्या वेळाने आतून ऊबदार होते, आणि मालकास त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक नळीवर नाव, तीव्रता, तारीख, सही. आणि वहीत कोणती नळी कोणी केव्हा काढली याची ओळ. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवून बाजूस सही करण्याचा दंडक येथेही आहे हे पाहून मला परमसंतोष झाला.

केवळ चिठ्ठीवर विसंबणे येथे मान्य नाही. माल बाहेरून आला की त्याची फेरतपासणी होते. शृंखलेतील टायरोसीन 280 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते, आणि मूळ द्रावण दहापट पातळ केल्यास मापक यंत्रावर 0.16 च्या आसपास आकडा यावा अशी अपेक्षा असते. तो आला, म्हणजे शेकडा 80 चा दाखला खरा निघाला. त्यानंतर द्रवस्तंभ-पृथक्करण, ज्याला तेथे सगळे एचपीएलसीच म्हणतात. बाईंनी मुद्दाम दोन नमुने शेजारी लावले होते, एक ताजा आणि एक अल्कधर्मी द्रवात 40 अंशांच्या पेटीत ठेवलेला. ताज्याचे पडद्यावर एकच निमुळते शिखर उमटले. दुसऱ्याचे शिखर खचले होते आणि त्याच्या आसपास पुष्कळ बारीक उंचवटे उठले होते. दोन्ही नळ्यांतील द्रव मात्र पाण्यासारखा नितळ होता. वस्तुमान-मापनासाठी नमुना शहरातील एका मोठ्या संस्थेकडे जातो. कडे मिटलेले असेल तर आकडा 1007.4 येतो, उघडे असेल तर दोन हायड्रोजन वाढल्याने 1009.4. खरेपणाचा निवाडा त्या दोन अंकांवर होतो.

भोपाळात बसून थंडीच्या बंदोबस्ताची ही चर्चा ऐकताना मन उत्तरेकडील जुन्या शहराकडे गेल्यावाचून राहत नाही. मेरिफिल्ड यांच्या नोबेल पारितोषिकाचे वर्ष 1984. स्टॉकहोमचा तो समारंभ डिसेंबरच्या 10 तारखेस झाला, आणि त्यापूर्वी जेमतेम आठवडाभर, 2 डिसेंबरच्या रात्री, तेथील युनियन कार्बाइड कारखान्याच्या टाकीत पाणी शिरून मिथाइल आयसोसायनेट उकळून बाहेर पडले होते. ते द्रव्य 39 अंशांवर उकळते. ते थंड ठेवण्यासाठी बसविलेली शीतकरण यंत्रणा त्या रात्रीपूर्वी कित्येक महिने बंद होती. साहाय्यकास या प्रसंगाची स्वतःची आठवण असणे शक्य नाही, पण ईथरची बाटली हाताळण्याची त्याची रीत पाहिली म्हणजे ही या शहराची शिकवण असावी असे वाटते.  ईथर साडेचौतीस अंशांवरच उकळते, आणि भोपाळचा वैशाख त्याच्याही पुढे सात-आठ अंश सहज जातो. म्हणून उन्हाळ्यात ती बाटली ठिणगी न पडणाऱ्या थंड कपाटातून फक्त सकाळीच निघते.

औषध म्हणून बाजारात असलेल्या ऑक्सिटोसिनलाही 2 ते 8 अंशांची थंडी लागतेच, आणि खेड्यापाड्यांतील आरोग्यकेंद्रांत ती सांभाळणे हा बाळंतिणींच्या जिवाचा प्रश्न आहे. खाजगी उत्पादकांस हे औषध करण्याची मनाई करणारा केंद्र सरकारचा 2018 चा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात रद्द ठरविला, ते माझ्या मते योग्यच झाले. दुरुपयोग थांबविण्यासाठी गरजूंचा पुरवठा आखडणे ही तजवीज उलटीच होती. दुरुपयोग मात्र खरा आहे. रेडकू मेलेली किंवा तोडलेली म्हैस पान्हा चोरते, तेव्हा तो सुटावा म्हणून दाखला, तीव्रता, तारीख यांपैकी काहीही नसलेल्या बाटलीतून तिला दोन्ही वेळा ऑक्सिटोसिनची सुई टोचणारे लोक आहेत. आणि संशोधनाच्या चिठ्ठीची तऱ्हेतऱ्हेची पेप्टाइडे स्वतःच्याच अंगात टोचून घेणारे हौशी तरुणही अलीकडे निघाले आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की नितळ दिसणारा द्रव कसा बिघडलेला असतो हे मी पडद्यावर पाहिले आहे. वैद्याच्या चिठ्ठीवाचून असली कुपी उघडू नका. गोठेवाल्यांसाठी कायदा जुनाच आहे. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमान्वये, दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे काहीही टोचणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होतात, आणि ते जनावर सरकारजमा होते.