एक पाठ, अनेक डोळे
जपानच्या प्राथमिक शाळांत मेइजी काळापासून ‘जुग्यो केंक्यू’ ही पद्धत रुजली आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. समजा, पहिलीची १३ वजा ९ ही वजाबाकी. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांच्या बाकांजवळ उभे राहून टिपतात: कोण बोटं मोजतं, कोण १० मधून ९ काढून उरलेला १ तिनात मिळवतं, कोण नुसतं शेजाऱ्याचं उतरवतं. तास संपल्यावर चर्चा होते ती पाठाची. शिकवणाऱ्याचे गुणदोष काढायला कोणी बसत नाही. पद्धतीचं खरं बळ इथेच आहे, कारण तपासणीची धास्ती असली की माणूस अडचणी झाकतो. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे दर वेळी एक तरी पाठ असा एकत्र आखावा, पाहावा आणि त्यावर मोकळेपणाने बोलावं.