संगणकाची दारे

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या संगणकप्रणालीचा पाया घातला गेला. पुढे तिच्याच धर्तीवर लिनक्ससारख्या अनेक प्रणाली निर्माण झाल्या. जाळ्यातून येणाऱ्या मागण्या पुरविण्यासाठी या प्रणालींत काही प्रोग्रॅम अहोरात्र सज्ज असतात. त्यांना 'सेवा' म्हणतात. प्रत्येक सेवेचे एक ठरावीक क्रमांकाचे दार असते, त्यास 'पोर्ट' म्हणतात. ७९ क्रमांकाच्या दाराशी 'फिंगर' ही सेवा बसे आणि संगणकावर कोण काम करीत आहे, हे विचारणाऱ्यास सांगे. २३ क्रमांकाच्या दारातून 'टेलनेट' दुरूनही संगणक चालवू देई.

आरंभी जाळे लहान होते व विश्वास मोठा होता. म्हणून बहुतेक दारे उघडीच असत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी या विश्वासाला तडा गेला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम फिंगर आणि टपालसेवा यांतील दोषांतून शिरला व त्याने हजारो संगणक जेरीस आणले. भयाने काहींनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले. परंतु त्यामुळे उपायाची वार्ताही त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचेना! सारी दारे उघडी ठेवणे जसे घातक, तसे सारी मिटणेही अडचणीचेच.

मग निवड कशी करावी? प्रथम कोणकोणत्या सेवा चालू आहेत, याची यादी करावी. मग प्रत्येकीविषयी विचारावे : हिची येथे गरज आहे काय? असल्यास कोणाला? हिच्याहून सुरक्षित सेवा आहे काय? टेलनेट परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत पाठविते. वाटेतील कोणीही तो वाचू शकतो. १९९५ साली फिनलंडमध्ये निर्माण झालेली 'एसएसएच' तोच शब्द सांकेतिक रूपात नेते. म्हणून टेलनेट बंद करून एसएसएच ठेवणे हिताचे. 'एको' आलेली अक्षरे परत पाठविते, तर 'चारजेन' अक्षरांचा ओघ सोडते. खोट्या पत्त्याने या दोघींची गाठ घालून दिली, तर त्यांचा व्यर्थ संवाद थांबतच नाही! अशा सेवा बंदच ठेवाव्यात. टपालासारखी सेवा आवश्यक असेल, तर ती ठेवावी. मात्र तिच्यातील दोष वेळोवेळी दूर करावेत.

अनोळखी सेवा मात्र घाईने बंद करू नये; दुसरे एखादे काम तिच्यावर अवलंबून असू शकते. एका वेळी एकच सेवा बंद करावी, नोंद ठेवावी आणि परिणाम पाहावा. दार कोणासाठी उघडे आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ते केव्हा लावावे हे कळते.