विश्लेषण : पद्धत जगजाहीर, तरीही संदेश गुप्त कसा?

व्हॉट्सॲपवरचा संदेश किंवा यूपीआयचा व्यवहार वाटेत अनेक यंत्रांमधून जातो. तरीही मधल्या कुणाला तो वाचता येत नाही. हे साधते ते क्रिप्टोग्राफी म्हणजेच कूटलेखनामुळे. हे शास्त्र नेमके काय आहे आणि त्याची मर्यादा कोणती?

कूटलेखन म्हणजे काय?

साधा मजकूर न कळणाऱ्या रूपात बदलणे म्हणजे एन्क्रिप्शन आणि तो पुन्हा मूळ रूपात आणणे म्हणजे डिक्रिप्शन. रोमन सेनानी ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे. मराठीत एकच घर पुढे सरकले, तर ‘कमल’चे ‘खयव’ होईल. यात अक्षरे सरकवणे ही पद्धत, तर किती घरे सरकायचे हा आकडा म्हणजे किल्ली.

ही पद्धत का टिकली नाही?

रोमन लिपीच्या २६ अक्षरांसाठी अशा किल्ल्या फक्त २५. त्या एकेक करून लावून पाहता येतात. शिवाय प्रत्येक भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात. त्यांची मोजदाद करून कूट फोडता येते, हे नवव्या शतकात बगदादमधील विद्वान अल-किंदी यांनी लिहून ठेवले.

आजची पद्धत सुरक्षित का?

पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली मात्र कळता कामा नये, हे तत्त्व १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी मांडले. अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण मानलेली ‘एईएस’ ही पद्धत कुणीही वाचू शकतो. मात्र तिच्या १२८ बिटच्या किल्लीचे एकूण पर्याय ३९ अंकी संख्येइतके आहेत. ते सारे तपासणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

अनोळखी व्यक्तीला किल्ली कशी द्यायची?

या जुन्या अडचणीवर १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी उत्तर दिले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची ‘आरएसए’ पद्धत आली. तीत किल्ल्या दोन : एक सार्वजनिक, एक खासगी. सार्वजनिक किल्ली उघड्या कुलपासारखी असते. ते कुणीही दाबून लावावे, उघडणार मात्र खासगी किल्लीवाल्यालाच. याचा आधार मूळ संख्यांचा. ८९ गुणिले ९७ बरोबर ८६३३, हे चटकन निघते; पण नुसत्या ८६३३ वरून त्या दोन संख्या शोधायला वेळ लागतो. प्रत्यक्षात ही संख्या सहाशेहून अधिक अंकी असते.

मग फसवणूक कशी होते?

बहुतेक वेळा भामटे कूट फोडत बसत नाहीत. ते माणसालाच बोलते करतात. ओटीपी सांगितला की गणित कितीही पक्के असले तरी उपयोग नाही. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही; कुणी तो टाकायला सांगितला, तर पैसे जाणार आहेत असे समजावे. संकेतस्थळाच्या पत्त्यातील ‘एचटीटीपीएस’ही फक्त वाट सुरक्षित असल्याचे सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. ती खातरजमा वापरणाऱ्यालाच करावी लागते.