रिकामी टाकी रिकामी नसते

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. काळी-पिवळी गेली, पण घरची पद्मिनी गेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या आजही कितीतरी अंगणांत उभ्या आहेत. कुणाच्या अब्बांनी घेतलेली, कुणाच्या मामूंकडून आलेली. मुले मोठी होतात आणि एका सुट्टीत ठरवतात की, गाडी पुन्हा चालू करू या. मग कळते की पेट्रोलच्या टाकीला गंज चढला आहे.

आमच्या घरातही असे काम झाले आहे. टाकी उतरवून साफ करणे आणि रंगवणे घरी जमते. रंगाचे काम तर दोन दिवसांचे. वेळ आणि काळजी लागते ती त्याआधी, आणि जीवाचा धोकाही तिथेच आहे.

टाकीतले पेट्रोल काढले की आपल्याला वाटते, आता भीती नाही. प्रत्यक्षात उलट आहे. जळते ती पेट्रोलची वाफ. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हवा आणि वाफ यांचे नेमके तेच मिश्रण तयार होऊ शकते. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती तळाशी बसते आणि गंजात, पत्र्याच्या सांध्यांत दडून राहते. म्हणून टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग घरी कधीच करू नये. बंद खोली नको, जवळ चूल, अगरबत्ती, सिगारेट नको.

सुरुवात उघड्या अंगणात करावी. आधी बॅटरीची वजा तार काढावी. पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती सोडावी. घोट चुकून फुफ्फुसात गेला तर जीवावर बेतते. हातपंप स्वस्त मिळतो. जुने पेट्रोल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

मुलांना मदतीची हौस असते, पण या टप्प्यावर त्यांना लांब ठेवावे. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सगळीकडे आले ते २००० साली. त्याआधीच्या टाकीत शिशाचा गाळ असू शकतो. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावरही अनेकदा शिसे-कथलाचा थर असे. ही धूळ लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला घातक आहे. म्हणून हातमोजे आणि चांगला मास्क घालावा, पत्रा कोरडा न घासता ओला घासावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

टाकी काढल्यावर भांड्यांचा साबण आणि भरपूर पाण्याने ती चार-पाच वेळा धुवावी. तोंडे उघडी ठेवून उन्हात वाळवावी. वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा धुवावी. मग आत मूठभर नट टाकून टाकी चारही बाजूंनी हलवावी, म्हणजे सुटा गंज निघतो. नट आधी मोजून घ्यावेत, नाहीतर एखादा आतच राहतो.

उरलेल्या गंजाला पांढरा सिरका पुरतो. टाकी काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवावी. झाकण घट्ट लावू नये, कारण पत्र्यावर आम्लाची क्रिया होताना वायू तयार होतो. संडास धुण्याचे अॅसिड वापरू नये, ते चांगला पत्राही खाते. वापरलेल्या सिरक्यात शिसे उतरलेले असू शकते, म्हणून तो भाजीच्या वाफ्यात ओतू नये. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुवावी आणि लगेच सुकवावी. पंक्चरवाल्याकडची हवा इथे कामी येते. पत्रा ओला राहिला तर काही तासांत पुन्हा लाली धरतो.

आता टाकीत पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी. कागद ओला झाला तर छिद्र आहे. त्याला डाग द्यायचा असेल तर टाकी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावी आणि त्यात पेट्रोल होते हे त्याला आधीच सांगावे.

बाहेरचा जुना रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० आणि ३२० ने ओला घासावा. पत्रा कोरडा करून थिनरच्या फडक्याने पुसावा. सगळी तोंडे टेपने बंद करावीत. फ्लोटचे पॅकिंग बसते ती कडा आणि अर्थिंगची जागा रंगवू नये. एक झाकली तर टाकी गळते, दुसरी झाकली तर पेट्रोलचा काटा चुकतो.

आधी एपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. साधे इनॅमल पेट्रोल सांडले की मऊ पडते, एपॉक्सी टिकतो. त्यावर काळ्या रंगाचे दोन हात. हार्डनर मिसळून फवारायचा पीयू रंग घरी नको, त्याची वाफ श्वासनलिकेला फार वाईट. कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत रंगाची चमक जाते आणि त्याखाली ओल अडकते.

टाकी बसवताना जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग बदलून टाकावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर खराब करते आणि हवेतले पाणी शोषते. म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवू नये.

पहिल्यांदा पाचच लिटर पेट्रोल भरावे. रात्रभर थांबून प्रत्येक जोड बोटाने तपासावा. मग गाडी चालू करावी. पारदर्शक फिल्टर लावावा आणि आठ दिवसांनी उघडून पाहावा. त्यात लाल भुकटी दिसली नाही, तर काम आतूनही झाले असे समजावे.